नव्या साडीला रफू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोटारीवर ही काय बोलणार, असे कुणाला वाटेल. मला गाडी चालवता येत नाही आणि शाळाही सातवीपर्यंतच झाली. पण साडी निरखून घ्यायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. नवी म्हणून पुरते पैसे मोजले आणि घरी आल्यावर निऱ्यांत रफू सापडला, तर दुकानदार म्हणतो, "वहिनी, एवढा बारीक रफू, दिसतो कुठे?" दिसत नाही हे खरे. मग आधी सांगावे, आणि पैसे रफूच्या साडीचे घ्यावे.

माझ्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी कर्ज काढून नवी गाडी घेतली. यंदा बहिणीच्या लग्नासाठी ती विकावयास काढली. घेणाऱ्याने आपला मेकॅनिक आणला. त्याने रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र डाव्या दाराला लावले आणि म्हणाला, "हे दार पुन्हा रंगवलेले आहे. अपघात लपवता काय?" अपघात तर कधी झालाच नव्हता. विक्रेत्याकडे खोदून विचारले तेव्हा कळले की गाडी त्यांच्या आवारात असतानाच दाराला पोचा आला होता. तो काढून रंग दिला होता. "आम्ही चांगलेच करून दिले की," म्हणाले. चाळीस हजार कमी आले, ते सोसता येतील. पण पोराला चार माणसांत खोटारडा ठरवले, त्याचे काय? खरे सांगायला त्याला खरे ठाऊकच नव्हते.

असाच एक खटला अमेरिकेत गाजला. 1990 साली अलाबामातील एका डॉक्टरांनी नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊएक महिन्यांनी कळले की विक्रीपूर्वीच तिला पुन्हा रंग दिला होता. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत असेल तर सांगावयाचे नाही, असे कंपनीचे धोरणच होते. ज्यूरीने 4 हजार डॉलर भरपाई आणि वर 40 लाख डॉलर दंड ठोठावला! तो आधी निम्मा झाला, 1996 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि शेवटी 50 हजारांवर आला. दंड भारी होता, हे मलाही पटते. तीन टक्के मात्र पटत नाहीत. दहा लाखांच्या गाडीला ते तीस हजार होतात. तेवढ्यात आमच्या घरचा तीन महिन्यांचा किराणा येतो.

शेजारच्या गोव्यात तर 2011 ची नवी म्हणून दिलेली गाडी 2009 ची, 622 किलोमीटर पळालेली असल्याची तक्रार झाली. ग्राहक मंचाचा निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले, कारण कंपनीला हे ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. जबाबदारी राहिली विक्रेत्यावर. तेव्हा पावती कुणाच्या नावाची आहे, ते बघून ठेवा.

आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. जुना किंवा दुरुस्त करून नवा केलेला माल नवा म्हणून विकणे, याला त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. पण तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आणि सांगितलेच नाही तर दोन वर्षांत कळणार कसे?

काही जणी म्हणतील, ट्रकवरून येताना ओरखडा पडायचाच, सगळे सांगत बसले तर गाडी खपेल कशी? नुसत्या पॉलिशने जाणारा ओरखडा न सांगितला तरी माझी तक्रार नाही. पण दार रंगवले, काच बदलली, आत पाणी गेले, हे सांगायलाच हवे. 2024 च्या जुलैत आपल्याच धरणाचे पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याला एकतानगरीत गाड्या बुडाल्या होत्या. धुऊन पुसून अशी गाडी किती छान दिसते, ते आपण पाहिले आहे.

म्हणून एक करू या. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, नोंदणी होण्याच्या आत, ती उन्हात उभी करून पाहावी. बनवल्याचा महिना आणि मीटर बघावा. आणि "या गाडीस विक्रीपूर्वी रंगकाम वा दुरुस्ती केलेली नाही, केली असल्यास ती पुढीलप्रमाणे" एवढे लिहिलेल्या कागदावर विक्रेत्याची सही-शिक्का घ्यावा. सही द्यायला कां कूं केली तर 1915 या क्रमांकावर ग्राहकांसाठी फोन लागतो. मी पन्नास कागद छापून आणले आहेत. दसऱ्याला आपल्यातल्या तिघींकडे गाडी येणार असे ऐकते. त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडून आपापला कागद न्यावा.