आमवात आणि शरीरातील पहारेकरी

(ज्ञातिसंघाच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या वर्षीच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलावे अशी संघाच्या चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांस अक्षरओळख करून देण्यात गेले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते वाचून, समजून घेऊन आणि जाणत्या डॉक्टरांस विचारून सांगणार आहोत. विषय मात्र आम्ही हेतुपूर्वक निवडला आहे. तो विषय म्हणजे आमवात. हा रोग आपल्या घरांतून आहे. परंतु तो बोलला जात नाही, आणि ज्या घरात उपवर मुलगी आहे त्या घरात तर तो मुळीच बोलला जात नाही.

आपल्या वऱ्हाडात गुडघा दुखला, कंबर धरली, टाच ठणकली, की सर्वांस एकच नाव, 'वात'. वस्तुतः हे निरनिराळे विकार आहेत. उतारवयात गुडघ्यांची झीज होते, तो एक प्रकार. चिकुनगुनियाच्या तापानंतर सांधे महिनोन् महिने धरतात, तो दुसरा; २००६ साली महाराष्ट्रात या तापाची जी मोठी साथ आली तिचा अनुभव येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत तो आमवात या दोहोंहून वेगळा. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या वयात सुरू होतो, क्वचित त्याहूनही लवकर. आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांस सुमारे तिप्पट प्रमाणात होतो. प्रथम हातापायांचे लहान सांधे सुजतात, आणि बहुतकरून दोन्ही बाजूंचे सुजतात. सकाळी उठल्यावर बोटे अशी आखडलेली असतात की भाकर थापता येत नाही, पोलक्याची बटणे लावता येत नाहीत, कापूस वेचणाऱ्या बाईस बोंडातून कापूस ओढता येत नाही. तास-दीड तास हालचाल झाल्यावर हात जरा मोकळे होतात. हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर तो थकवा नव्हे, थंडीही नव्हे, आणि आंबट खाल्ल्याचा परिणाम तर नव्हेच.

हा रोग पाश्चात्त्यांबरोबर आला असेही कोणी समजू नये. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या काळातील मोजणी पाहावयाची तर पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी आरंभिली. त्या पाहणीत प्रौढांमध्ये या रोगाचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. हजारी पाच हा आकडा लहान वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीच्या परिचयपुस्तिकेतील नावे मोजून पाहावी, म्हणजे त्याचा अर्थ ध्यानी येईल. ती पाच माणसे कोण, हे आपणांस ठाऊक नसेल, तर ती नाहीत असे नसून ती बोलत नाहीत एवढेच.

आता हा रोग होतो कसा, ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे सैन्य आहे. त्यात टी-पेशी नावाचे पहारेकरी मोठ्या अधिकाराचे. या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीत तयार होतात. त्यांच्या नावातील 'टी' थायमसवरूनच आला. ही ग्रंथी निरुपयोगी असावी असा पुष्कळ काळ समज होता. जाक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली तिचे खरे काम दाखवून दिले. आम्हां शिक्षकांस समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर थायमस ही एक अत्यंत कडक शाळा आहे. तेथे दोन परीक्षा होतात. आपल्या शरीराची खूण ओळखता येते काय, ही पहिली. आणि ती ओळखून आपल्याच शरीरावर हात उगारतो काय, ही दुसरी. बहुसंख्य पेशी या परीक्षांत नापास होऊन तेथेच नष्ट होतात. ज्या थोड्या उत्तीर्ण होतात त्याच रक्तात पहाऱ्यावर जातात.

परंतु कोणतीही परीक्षा निर्दोष नसते. काही उतावळ्या पेशी निसटून बाहेर येतातच. मग सर्वांसच आमवात का होत नाही? या प्रश्नाचा मागोवा जपानचे शिमोन साकागुची यांनी घेतला. पहारेकऱ्यांवरही नजर ठेवणाऱ्या, त्यांस आवरून धरणाऱ्या निराळ्या टी-पेशी असतात, हे त्यांनी १९९५ साली दाखविले. पुढे २००१ साली मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी, ज्या जनुकात बिघाड झाल्यास हे आवरणारे हात नाहीसे होतात, तो जनुक शोधून काढला. या कार्याबद्दल तिघांस मिळून २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. वर्गातील मॉनिटर गैरहजर राहिला की काय होते, हे येथील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे.

आमवातात हेच घडते. आवरणारे कमी पडतात. टी-पेशी सांध्याच्या आतील मऊ अस्तरास परके समजतात आणि इतर पेशींस चिथावणी देतात. बी-पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवितात. सांध्यात दाह उत्पन्न करणारी द्रव्ये पाझरतात, अस्तर फुगते आणि कूर्चा व हाड कुरतडले जाते. ल्यूपस म्हणून जो विकार त्वचा, सांधे आणि मूत्रपिंडे यांवर एकदम चाल करतो, तोही याच कुळीचा. हा सारा प्रकार एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण एकच. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचा नव्हे, कोणाच्या दृष्टीचा नव्हे, सुनेच्या पायगुणाचा नव्हे आणि स्पर्शाने लागणाराही नव्हे. हा शरीराच्या पहाऱ्यातील गोंधळ आहे, आणि त्यावर आज उपाय आहेत.

उपायांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणास खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीस कॉर्टिसोन दिले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस नोबेल मिळाले. परंतु लवकरच कळून आले की हे स्टेरॉइड आग विझविते खरे, पण दीर्घकाळ भरपूर घेतल्यास हाडे ठिसूळ करते, साखर वाढविते, चेहरा सुजविते. त्यानंतर मेथोट्रेक्झेट आले. या औषधाच्या कुळाचा उगम अमेरिकेत काम करणारे आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या संशोधनात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. कर्करोगासाठी निघालेले हे औषध अल्प मात्रेत आमवाताचे मुख्य औषध ठरले. ते महागही नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. रोज घेतल्यास प्राणावर बेतते. म्हणून घरातील कॅलेंडरवर त्या वाराभोवती वर्तुळ काढून ठेवावे, ही आमची विनंती.

ज्यांस एवढ्याने उतार पडत नाही त्यांच्यासाठी नेमका मारा करणारी औषधे निघाली. लंडन येथे मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली, टीएनएफ या दाहकारक द्रव्यास अडविणारे औषध आमवाताच्या रुग्णांस प्रथम दिले. पुढे टी-पेशींनाच आवरणारे अबाटासेप्ट आले. बँकेतील लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, त्याप्रमाणे टी-पेशी खवळण्यास दोन खुणा लागतात; त्यांपैकी दुसरी किल्ली हे औषध फिरू देत नाही. परंतु पहारेकऱ्यांचे हात बांधले की खरा चोरही आत येऊ शकतो. टीएनएफ अडविणाऱ्या औषधांमुळे शरीरात निद्रिस्त असलेला क्षय जागा होतो, हे २००१ साली ध्यानी आले. आपल्या देशात क्षयाचे जंतू कितीकांच्या शरीरात सुप्त असतात. म्हणून ही औषधे देण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. त्या तपासणीस कोणी टाळाटाळ करू नये.

सर्वांत नवा प्रयोग तर कादंबरीतील वाटावा असा आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांस नवी ओळखण्याची शक्ती द्यावयाची आणि पुन्हा त्याच्याच रक्तात सोडावयाच्या. मग त्या बी-पेशींचा फडशा पाडतात. या उपचारास कार-टी म्हणतात. जर्मनीतील एर्लांगन येथे २०२१ साली ल्यूपस झालेल्या एका तरुणीवर तो करण्यात आला. २०२४ साली तेथील वैद्यांनी ल्यूपस व त्याच्यासारख्या विकारांच्या १५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली होती. आपल्या महाराष्ट्रातही ही विद्या अवतरली आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून सिद्ध केलेल्या नेक्सकार-१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, आमवातासाठी नव्हे. सांध्यांच्या व ल्यूपसच्या विकारांत कार-टी अद्याप चाचणीच्या पायरीवर आहे. तेव्हा कोणी 'पेशींचे इंजेक्शन' देतो म्हणून शेत विकावयास सांगेल, तर त्याच्या नादी लागू नये.

नादी लावणाऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आठवडी बाजारात, यात्रेत बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. आमच्या नात्यातील एका बाईंस अशाच एका विक्रेत्याच्या पुडीने तीन दिवसांत आराम पडला. वर्षभरात तोंड सुजले, साखर चढली आणि साध्या ठेचेने मनगटाचे हाड मोडले. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेले असते. पुडी एकाएकी सोडणेही धोक्याचे. म्हणून ती घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे आणि जे घेतले ते निःसंकोच दाखवावे. नवस-सायास आणि डाग देणे यांविषयी आम्ही अधिक बोलत नाही. ज्या मातीत गाडगे महाराज जन्मले त्या अमरावती जिल्ह्यातील लोकांस ते सांगावे लागू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या रोगात पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात. त्या अवधीत औषध सुरू झाले तर सांधे बहुधा वाचतात. एकदा हाड कुरतडले गेले की ते पूर्ववत होत नाही. आणि नेमके तेच महिने आपण लपवालपवीत घालवितो. मुलगी बाविसाव्या वर्षी हात दुखतात म्हणते, आणि आई म्हणते, 'लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू.' अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये गेल्यास कोणी ओळखीचे भेटेल, या भीतीने तिला तेथे नेत नाहीत.

लग्नानंतर तर गोष्ट अधिक बिकट होते. सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या बंद करते आणि रोग उसळतो; किंवा चोरून घेत राहते, आणि तशातच दिवस जातात. मेथोट्रेक्झेट गर्भास घातक आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने अगोदर थांबवून गर्भारपणात चालणारी दुसरी औषधे देता येतात, आणि आमवात असलेल्या स्त्रियांस सुदृढ मुले होतात. परंतु जिच्या घरी रोगाचे नावही उच्चारता येत नाही, ती हा सल्ला कोणाच्या सोबतीने घेणार? म्हणजे लपविणे हे नुसते असत्य राहत नाही. ते दोन जिवांच्या मुळावर येते.

मुलाच्या बाजूची मंडळी म्हणतील, 'रोग वंशात उतरेल त्याचे काय?' त्यांनी हे ऐकावे. एकाच बीजाच्या दोन जुळ्या बहिणींपैकी एकीस आमवात झाला, तरी दुसरीस तो होण्याचा संभव शंभरात सुमारे पंधराच असतो. सारे बीज सारखे असूनही ही स्थिती. तेव्हा अपत्यास तो होईलच असे म्हणणे शास्त्रास धरून नाही. उलट विडी-सिगारेटच्या धुराने हा रोग होण्याचा संभव वाढतो, हे सिद्ध झाले आहे. पण वराच्या ओठांतील विडी पाहून स्थळ मोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

रोग लपविण्याची किंमत वऱ्हाडाने पूर्वी मोजली आहे. महारोग्यांस घराबाहेर काढीत, तेव्हा डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन उभारून त्यांस माणुसकीचा आसरा दिला. आमवात तर संसर्गजन्यही नाही. यासाठी निराळे तपोवन नको. आपली घरेच पुरेशी आहेत.

म्हणून संघापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, वधू-वर मेळाव्यात आजार मोकळेपणाने सांगण्याचा प्रघात पाडावा, आणि सांगणाऱ्या कुटुंबास दूषण न देता त्यास मान द्यावा. दुसरी, सकाळचा आखडलेपणा आणि बोटांची सूज सहा आठवडे टिकल्यास तपासणी करावी, हा मजकूर महिला मंडळाच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावा. तिसरी, विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे रुग्ण साहाय्य निधी काढून, संधिवाततज्ज्ञांकडे नागपूर-पुण्यास जावे लागणाऱ्या गरीब भगिनींचा प्रवासखर्च त्यातून द्यावा. या निधीस आमच्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी आम्ही आजच चिटणिसांकडे देत आहोत.