पाहुण्याची तयारी



चर्चचे एखादे सेवापथक आठ-दहा दिवसांसाठी परक्या समाजात जाते, तेव्हा त्याने कोणती तयारी करावी, हा माझा आजचा विषय. आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल, याच्याशी आमचा काय संबंध? परंतु सुटीत आदिवासी भागात महाविद्यालयांची शिबिरे जातात, मंडळेही जातात. चूक बहुधा सर्वांची एकच होते. सामान बांधले की तयारी झाली, असे आपण समजतो!

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. आपली कांदिवली साष्टी बेटावर आहे. ते ज्या साष्टीत राहिले ती गोव्यातली. तिथे ते लोकांची बोली शिकले, मराठी शिकले, आणि लोकांच्या कानाला ओळखीच्या असलेल्या ओवीत त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते छापून निघाले १६१६ साली. म्हणजे मध्ये ३७ वर्षे गेली! त्याच साष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, हेही विसरून चालणार नाही. ज्याच्या पाठीशी सत्ता किंवा पैसा असतो, त्याच्या गोड शब्दाचीही समोरच्याला भीती वाटते.

आपल्या तरुणांच्या हाती ३७ वर्षे नाहीत, दहाच दिवस आहेत. मग त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, तारीख आपण ठरवू नये. विरारला गाडी बदलून डहाणू गाठायला फार वेळ लागत नाही. पण तिथल्या वारली पाड्यांतली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आपल्या सुटीच्या सोयीने गेलो तर दारांना कुलपे दिसतील. तेव्हा आधी दोघांनी जावे, विचारावे, आणि ‘येऊ नका’ असे उत्तर आले तर तेही मानावे.

दुसरी गोष्ट भाषेची. वारली बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. निदान नमस्कार, पाणी, आजार, आभार एवढे शब्द तरी शिकून जावे, आणि चुकलो की मुलांना हसू द्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. औषध देताना त्याच्या बदल्यात श्रद्धा मागू नये. प्रार्थनेला न आलेल्यालाही तेवढेच औषध मिळाले पाहिजे. कोणी आपण होऊन विचारले, तर आपला विश्वास मोकळेपणाने सांगावा. पण भुकेल्यापुढे ताट ठेवून केलेला उपदेश हा उपदेश नसतो, तो सौदा असतो. हा नियम चर्चला लागू आहे, तसाच मते मागणाऱ्यांना आणि फोटोसाठी वह्या वाटणाऱ्या मंडळांनाही लागू आहे.

परतल्यावर किती वाटले याचा हिशेब सगळेच देतात. आपल्या तरुणांना मात्र एवढेच विचारा, ‘पुन्हा या, असे कोणी म्हणाले का?’