लाहोरला गेलेली बायकांची बस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे, तेच वाचून दाखवते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

हा विषय मी स्वतः मागून घेतला. मागे भिशीच्या दिवशी मी एका जुन्या दिवाळी अंकात वाचलेली निर्मलाताई देशपांडे यांची हकीकत सांगत होते. कारगिलनंतर त्या बायकांची बस घेऊन पाकिस्तानात गेल्या, एवढे बोलले मात्र, आपल्यातल्या एक भगिनी ताडकन म्हणाल्या, "अहो वहिनी, तुमचा पोरगा फौजेत, आणि तुम्ही असल्या बायकांचं कौतुक करता? इकडे पोरं मरतात आणि ह्या तिकडे जाऊन हार घालून घेतात!" त्यांच्या सख्ख्या भाच्याचे नाव गावच्या हुतात्मा स्मारकावर कोरलेले आहे. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. घरी जाऊन भाकरी थापताना सुचले, तसे ते नेहमी उशिराच सुचते.

आपण नगरच्या बायका. लढाई आपल्याला पेपरातून कळावी लागत नाही. के. के. रेंजवर सराव चालला की तोफांचा आवाज गावापर्यंत येतो. पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला दाखवतो आणि मग रणगाड्यांच्या संग्रहालयात नेतो. १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन रणगाडा दाखवताना आपली छाती फुगते, माझीही फुगते. त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही.

१९९९ साली माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. धाकटे दीर तेव्हा कारगिलकडे होते. गावात एकच एस.टी.डी. होता, आणि सारी भिस्त ५६ ए.पी.ओ.च्या पत्रावर. सहा आठवडे पत्र नाही. सासूबाई रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर लिंबाखाली जाऊन बसत. त्यांना अक्षर ओळख नव्हती, पण पाकिटाचा रंग ओळखत. अखेर एक पत्र आले. मी वाचून दाखवले, दोनदा वाचून दाखवले. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्या पल्याडच्या बाईला तरी कागद येत असंल का गं?" मला तेव्हा रागच आला होता. आता सासूबाई नाहीत. दीर सुखरूप आले, निवृत्त झाले, सध्या शेती बघतात.

आता त्या बसकडे येते. निर्मलाताई आपल्या मराठी मुलखातल्या. जन्म १९२९ सालचा, नागपूरचा. वडील म्हणजे लेखक पु. य. देशपांडे. ताई शिकल्या, प्राध्यापिका झाल्या, आणि १९५२ मध्ये ते सगळे सोडून विनोबांच्या भूदान यात्रेत पायी निघाल्या, त्या हजारो मैल चालल्या. पुढे राज्यसभेतही होत्या. पंजाब आणि काश्मीर पेटलेले असताना तिथे जाऊन राहणाऱ्या बाईंना लाहोरचे भय ते काय वाटणार?

फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली–लाहोर बस सुरू झाली. पंतप्रधान वाजपेयी स्वतः तिच्यातून गेले. तीन महिन्यांत कारगिल उभे राहिले. मौज अशी की लढाई चालू असतानाही ती बस धावत होती. पुढच्या वर्षी, म्हणजे मार्च २००० मध्ये, निर्मलाताई बसभर बायका घेऊन लाहोरला गेल्या. त्यांच्या संस्थेच्या संस्थापकांत मोहिनी गिरी होत्या. ह्याच मोहिनीबाईंनी १९७१ च्या लढाईनंतर युद्धात विधवा झालेल्या बायकांसाठी संघटना काढली होती. म्हणजे आपल्या भगिनींचे जे दुःख आहे, ते यांना ऐकीव नव्हते. अशा बायकांची घरे वर्षानुवर्षे पाहून मग त्या बसकडे वळल्या. लगेच त्याच वर्षी लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर तिकडच्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावले की उलट बोलावणे येते, तसेच झाले.

मग उपयोग काय झाला, असे तुम्ही विचाराल. पुढच्याच वर्षी संसदेवर हल्ला झाला आणि बस बंद पडली. २००८ मध्ये मुंबईत काय घडले ते आपण टीव्हीसमोर बसून पाहिले. बायका भेटल्या म्हणून बंदूक थांबली, असे मी म्हणणार नाही. आणि हारतुरे, सरहद्दीवर मेणबत्त्या लावणे, यांबद्दल माझेही मत फार बरे नाही. मेणबत्ती विझली की मंडळी घरी जातात.

परंतु या ओळखीपाळखीतून काही कामे होतात, ती मोठी आहेत. पालघरकडचे, डहाणू-तलासरीचे आदिवासी पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर काही बांध घातलेला नसतो. माशांच्या मागे बोट पलीकडे जाते, तिकडचे लोक पकडतात, आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतो. तिकडच्या कोळ्यांचे आपल्याकडे हेच होते. शिक्षा संपली तरी सुटका नाही. हा आमचाच माणूस, असे त्याच्या देशाने कागदावर कबूल करावे लागते, आणि तो कागद फिरत राहतो. घरी बायको पोरे घेऊन मजुरीला जाते. तिला ना पत्र, ना पगार.

या कागदाच्या मागे कोण लागते? मुंबईचे पत्रकार जतीन देसाई आणि त्यांच्यासारखे लोक, आणि तिकडे कराचीत त्यांच्या ओळखीचे लोक. सुटलेल्या आपल्या खलाशांना कराचीहून लाहोरपर्यंत पोचवण्याचे काम तिकडची ईधी ही धर्मादाय संस्था करत आली आहे, आणि निघताना हातावर काही पैसे आणि घरच्यांसाठी भेटवस्तूही देते. २००८ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला, त्याप्रमाणे दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्हीकडच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या असतात. यादीत नाव आले म्हणजे माणूस जिवंत आहे एवढे तरी घरी कळते. लिंबाखाली बसणाऱ्या बाईला त्याची किंमत विचारा.

दुसरी गोष्ट २००३ ची. बस जुलैत पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच बसने लाहोरची एक दोन-अडीच वर्षांची मुलगी आईबापांबरोबर आली. तिच्या हृदयाला छिद्रे होती. बंगळूरला शस्त्रक्रिया झाली, पोर बरी होऊन गेली. आपल्याच देशातल्या लोकांनी तिला खेळणी आणि पैसे पाठवले. त्यांतल्या कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी फौजेत असेलच की.

आता माझ्या मुलाविषयी. मे २०२५ मध्ये, ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत, त्याचा फोन लागला नाही. त्या चार दिवसांत मी देवापुढून उठले नाही. खोटे कशाला सांगू, तेव्हा मला ना निर्मलाताई आठवल्या, ना सासूबाईंचे ते बोलणे. आपल्या तोफा जास्त चालाव्यात आणि माझे पोर परत यावे, एवढेच मनात होते. पहलगामला ज्यांची कुंकवे पुसली गेली, त्यांचे चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते. दहा तारखेला रात्री उशिरा फोन आला. "आई, जेवलो," एवढेच म्हणाला. मी लिंबाखाली बसलेल्या सासूबाईंसाठी रडले ते त्यानंतर.

आणि त्यानंतर सात आठवड्यांनी, १ जुलैला, याद्या दोन्हीकडून ठरल्याप्रमाणे दिल्या गेल्या. त्यांच्याकडून आलेल्या यादीत आपले १९३ कोळी होते, आपण दिलेल्या यादीत त्यांचे ८१. व्हिसा बंद, अटारीचे फाटक बंद, बस तर ऑगस्ट २०१९ पासून बंदच. तरीही त्या याद्या गेल्या. सतरा वर्षांची सवय होती म्हणून गेल्या, असे मला वाटते.

निर्मलाताई १ मे २००८ रोजी गेल्या. त्यांच्या अस्थींपैकी काही सिंधू नदीत, पलीकडच्या सिंधमध्ये सोडल्या गेल्या. २००९ मध्ये पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर मोठा किताब दिला. आपल्या सरकारने २००६ मध्येच पद्मविभूषण दिले होते.

तर त्या दिवशी ज्या भगिनी बोलल्या, त्यांना माझे उत्तर हे असे आहे. त्या आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांना ते पटेल असे नाही, आणि त्यांनी तसे उठून सांगितले तरी मला राग येणार नाही. तो दिवाळी अंक मी मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे. मुखपृष्ठ फाटले आहे, पण पाने सगळी आहेत. वहीत नाव लिहून न्यावा.