फिर्यादीच्या शेजारची खुर्ची



गुलमंडीवर मी आजवर बोललो तो संपाच्या आणि बोनसच्या सभांतून. व्याख्यानमालेत बोलण्याचा मान प्रथमच मिळतो आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले आणि कायद्याची पुस्तके मी वाचली ती गरजेपोटी. म्हणून आजचा विषयही गरजेचाच घेतला आहे. गुन्हा घडला, पोलीस आले, पंचनामा झाला. पण ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसाचे पुढे काय होते?

यंत्रात बोट गेलेल्या कामगाराला भरपाईचा हक्क आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने मिळाला. चाकूने बोट गेलेल्या माणसासाठी राज्याने योजना करावी, निधी ठेवावा, असे फौजदारी प्रक्रिया संहितेत आले ते ३१ डिसेंबर २००९ पासून, कलम ३५७-अ या रूपाने. मध्ये शहाऐंशी वर्षे गेली! 'पीडित' या शब्दाची व्याख्यासुद्धा त्या संहितेत त्याच वेळी आली. तोवर खटल्यात पक्ष दोनच : सरकार आणि आरोपी. आरोपीला वकील नसेल तर सरकारने तो द्यावा, हे न्यायाचेच आहे; माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याचे डोके फुटले तो मात्र केवळ साक्षीदार. समन्स निघाले की यावे, विचारले तेवढे सांगावे आणि घरी जावे.

वाळूजच्या एका कंत्राटी कामगाराला पगाराच्या रात्री रस्त्यात अडवून लुटले. त्याच्याबरोबर मी एका ठाण्यात गेलो. ते कोणते हे सांगण्याचे कारण नाही. रात्री दहाला बाकावर बसलो आणि एक वाजेपर्यंत चर्चा चालली ती जागा कोणाच्या हद्दीत येते याची. त्याच्या कपाळावरचे रक्त वाळून गेले. कोणी त्याला शिवी दिली नाही की हाकलले नाही. ठाणे अंमलदार एकटा होता, त्याच्यापुढे आणखी दोन तंटे उभे होते. दुष्टपणा तेथे नव्हता. या माणसाकडे पाहणे हे कोणाचे कामच ठरलेले नव्हते, एवढेच.

हे काम ठरवून देण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. त्याआधीची पार्श्वभूमी कटू आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्याची पायरी स्त्रीने विश्वासाने कशी चढावी, हा त्या काळाचा प्रश्न होता.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. खोली पोलिसांची, आत बसणाऱ्या मात्र शिकलेल्या समाजकार्यकर्त्या, त्यांच्या अंगावर गणवेश नाही. मार खाऊन आलेली बाई तेथे आधी बसते, पाणी पिते, बोलते. तक्रार नोंदवावी की नाही हे तिने ठरवावयाचे. नोंदवावयाची तर कार्यकर्ती तिच्याबरोबर उठते. सासरी अडकलेले दागिने-भांडी, म्हणजे तिचे स्त्रीधन, परत आणावयाचे तर पोलिसांना सोबत घेते. निवाऱ्याची व्यवस्था पाहते, वकिलाकडे पोहोचवते. २००५ पासून राज्याच्या महिला व बालविकास खात्याने हे काम आपल्याकडे घेतले आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पगार कोण देतो हे. हसू नका, आयुष्यभर हेच पाहत आलो. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे वा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावयास लावला. कल्पना उत्तम. पण तो मालकाचा पगारदार, म्हणून कामगार त्याच्यापाशी मन मोकळे करीत नसे. कक्षाची कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, तरी ती पोलीस खात्याची नोकर नाही. त्यामुळे तिला फौजदाराशी भांडताही येते आणि त्याच्याकडून कामही करून घेता येते. ही दुहेरी जागा मोठी अवघड. कार्यकर्ती बाहेर, दूर कोठे तरी बसली तर ठाण्यात तिला कोणी विचारीत नाही. फार आत शिरली तर बाई तिच्यावर विश्वास ठेवीत नाही.

आता समेटाविषयी. मी शेकडो करारांवर सही केली आहे, त्यामुळे समेट या शब्दाचे मला वावडे नाही. परंतु करार होतो तो दोन्ही बाजूंच्या अंगी बळ असते तेव्हा. माझ्यामागे हजार माणसे फाटकावर उभी असत. ठाण्याच्या टेबलाशी एका बाजूला नवरा, दीर, गावचे पुढारी आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई, कडेवर मूल; तेथे 'घर मोडू नका, मिटवून टाका' असे म्हटले जाते तेव्हा तो समेट नव्हे, ती शरणागती होय. शेजारच्या खुर्चीवर तिच्या बाजूचे माणूस हवे ते यासाठी.

बाहेरच्या देशांतही असे प्रयत्न झाले. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी १९७४ मध्ये स्वयंसेवक गुन्ह्याने पोळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. घरफोडी झालेली म्हातारी माणसेसुद्धा त्यात आली. कॅनडात पोलीस ठाण्यांशी जोडलेले पीडित-सेवक असतात. तेथे पुरुष वा चोरीचा बळी वर्ज्य नाही. आमच्याकडे कक्ष स्त्रिया-बालकांसाठी. २०१३ ची 'मनोधैर्य' योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी. भरपाईची मर्यादा २०१७ मध्ये दहा लाखांपर्यंत नेली, ते योग्यच झाले. पण वाळूजचा तो कामगार यांपैकी कोणत्या दारातून आत जाणार? ३५७-अ, आणि आता नव्या संहितेतील कलम ३९६, त्यालाही लागू आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. हे त्याला सांगणार कोण?

कायदा कमी नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासूनच्या संहितेप्रमाणे हद्द कोणाचीही असो, खबर घ्यावीच लागते, तिची प्रत फुकट द्यावी लागते आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवावी लागते.

आमच्या संघटनेने एक अर्ज तयार केला आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या ठाण्यांत, निदान महिन्याच्या पगाराच्या आठवड्यात, रात्री एक समाजकार्यकर्ता बसावा, आलेल्या प्रत्येक पीडितासाठी, आणि त्याचा पगार पोलीस खात्याकडून नसावा, एवढीच मागणी आहे. अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पोलीस खात्यातील मंडळीही समोर बसलेली दिसतात; त्यांनीही वाचावा, आणि पटला तर जाताना सही करावी.