कापडासारखी दिसणारी पिशवी

परवा हिंगोलीच्या बाजारात हळद घेतली. दुकानदार म्हणाले, "दादा, पिशवी कापडी आहे, प्लास्टिक नाही." घरी येऊन पाहिलं, तर तिला वीणच नाही! ते पॉलिप्रोपिलीन होतं. म्हणजे प्लास्टिकच.

आता गंमत बघा. आपला कापूसही पॉलिमरच, सेल्युलोजचा. मग तो प्लास्टिक का नाही? युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश सांगतो: रासायनिक बदल न केलेला नैसर्गिक पॉलिमर प्लास्टिकमध्ये धरायचा नाही. आपल्या २०१६ च्या नियमांत तर प्लास्टिकच्या व्याख्येतच पॉलिप्रोपिलीनचं नाव आहे.

कापसाची पिशवी मातीत कुजते. ही कयाधूत गेली, तर तिचे नुसते तुकडे होत राहणार. म्हणून 'कापडी' शब्दावर जाऊ नका. वीण नसेल, तर समजून जा.