गाडीतली हातोडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात गाड्यांची दारं उघडेनात. काही माणसं आतच गुदमरली. मी त्या रात्री कुर्ल्याहून चालत घर गाठलं. पुढं गाडी घेतली, तेव्हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आधी आत ठेवला. टॉर्च, शिट्टी, दोरी, मलमपट्टी, खजूर. हातोडी मात्र डब्यात नाही, सीटजवळ हाताशी. तिनं बाजूची काच कोपऱ्यात फोडायची. समोरची जोडकाच तडकते, पण सुटत नाही. बायको हसते, ‘‘शायराच्या गाडीत हातोडी!’’ खजूर दर रमजानात बदलतो. सेल विसरलो होतो. गेल्या पावसाळ्यात टॉर्च उघडला, तर ते गळालेले. आता वेगळे गुंडाळून ठेवतो.