किरणोपचारानंतरचें दांपत्यजीवन

ज्या विषयाचा उच्चारहि निषिद्ध होता, त्यावर र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. तरीहि आमच्या कुडाळकडचा गृहस्थ प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार घेण्यास मुंबईच्या टाटा रुग्णालयांत जातो, तेव्हां ‘जीव वांचेल ना?’ एवढेंच विचारतो. पुढील दांपत्यसुखाविषयीं विचारण्यास त्याची जीभ रेटत नाहीं.

किरणांनीं तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू हळूहळू क्षीण होतात. म्हणून इंद्रियशैथिल्य बहुधा तत्काळ न येतां कांहीं महिन्यांनीं, कधीं दोन-तीन वर्षांनींहि येतें. वीर्य अल्प होतें वा आटतें. जोडीला संप्रेरकरोधक औषध असल्यास इच्छाच मंदावते. १९९८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें सिल्डेनाफिल पुष्कळांस उपयोगी पडतें. मात्र छातींतील कळेसाठीं नायट्रेट घेणाऱ्यानें तें कदापि घेऊं नये.

पति संकोचानें पाठ फिरवितो, आणि पत्नीस वाटतें, आपण नकोशा झालों. हा गैरसमज रोगाहून अधिक जाळतो. यास्तव उपचारापूर्वींच उभयतांनीं डॉक्टरांस सारें स्पष्ट विचारावें, आणि नंतर एकमेकांशीं बोलणें सोडूं नये. स्पर्श व सहवास यांचें सुख किरणांनीं जळत नाहीं. तें अबोल्यानें जळतें.